डोंगलमधली किल्ली: डिजिटल सहीचं टोकन टर्मिनलवरून कसं सांभाळायचं

ग्रामपंचायतीचं देयक ऑनलाइन सुटत नाही, मंडळ अधिकाऱ्याला फेरफार प्रमाणित करता येत नाही, मोंढ्यातल्या अडत्याचं जीएसटीचं विवरणपत्र सहीवर अडतं. प्रत्येक वेळी बोट त्या यूएसबी डोंगलकडे जातं. मग कुणीतरी टोकनसोबत आलेलं सॉफ्टवेअर उघडतं आणि दिसेल ते बटण दाबतं. त्यातलं एखादं बटण टोकन कोरं करून टाकतं. बीड असो की हिंगोली, सर्टिफिकेट नव्याने काढायचं म्हणजे पुन्हा कागदपत्रं, पुन्हा व्हिडिओ पडताळणी आणि पुन्हा पैसे. टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, काम केलं की टोकनमध्ये नेमकं काय आहे ते दिसतं, आणि कोणती कमांड नुसतं वाचते व कोणती पुसते हेही कळतं.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत, आकड्यांसह आणि जिथे एक दिसते तिथे एक, दोन दिसतात तिथे दोन आडव्या रेघांसह टाइप करायच्या.

आत काय असतं

टोकन दिसायला पेनड्राइव्हसारखं असलं तरी ते रीडर आणि स्मार्ट कार्ड एकत्र बसवलेलं यंत्र आहे. आत तीन वेगळ्या वस्तू असतात: खाजगी किल्ली, सार्वजनिक किल्ली आणि सर्टिफिकेट, म्हणजे ती सार्वजनिक किल्ली कुणाची आहे हे सांगणारा दाखला. सर्टिफिकेट आणि सार्वजनिक किल्ली कुणालाही दाखवता येते, कॉपी करता येते. खाजगी किल्ली मात्र चिपच्या बाहेर येत नाही. सहीचं गणित चिपमध्येच होतं आणि बाहेर येते ती फक्त तयार सही. म्हणून टोकनचा बॅकअप नसतो. विंडोज नव्याने टाकलं तरी टोकनला काही होत नाही, पण टोकन फॉरमॅट झालं की कोणताही इंजिनिअर ती किल्ली परत आणू शकत नाही.

या तिन्ही वस्तू एकमेकींशी जोडलेल्या असतात त्या आयडीने. खाजगी किल्लीचा आयडी आणि सर्टिफिकेटचा आयडी जुळला नाही, तर टोकनमध्ये दोन्ही असूनही पोर्टल म्हणतं की सर्टिफिकेट सापडलं नाही. यावर पुढे परत येऊ.

तयारी

उबंटू या लिनक्सवर सुरुवातीला तीन पॅकेजेस पुरतात:

सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएससी पीसीएससीडी पीसीएससी-टूल्स

ओपनएससीमधून पुढची पीकेसीएस११-टूल ही कमांड मिळते, पीसीएससीडी ही रीडरशी बोलणारी सेवा. टोकन लावा आणि पीसीएससी_स्कॅन चालवा. रीडरचं नाव आणि एटीआर नावाची आकड्यांची ओळ दिसली तर केबल, पोर्ट आणि सेवा तिन्ही ठीक आहेत. काहीच दिसलं नाही तर आधी पोर्ट बदला. जुन्या सीपीयूच्या पुढच्या बाजूच्या पोर्टांत धूळ बसते, आणि स्वतःची वेगळी वीज नसलेल्या स्वस्त हबवर टोकन अर्धवट जागं होतं. मागच्या पोर्टात थेट लावून बघा. एरर ०एक्स८०१०००१डी आला तर पीसीएससीडी बंद आहे. ०एक्स८०१०००२ई म्हणजे सेवा चालू आहे पण रीडर दिसत नाही. ०एक्स८०१००००बी म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रामने कार्ड धरून ठेवलंय. बहुधा तो ब्राउझरमागे चालणारा, पोर्टलसाठी सही करून देणारा साइनर असतो, नाहीतर जीपीजी या एन्क्रिप्शन प्रोग्रामचा एससीडीमन. तो बंद करा.

एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, दुसऱ्या मशीनवर जाऊन काम करत असाल आणि परवानगी नाकारली जात असेल, तर टोकन बिघडलंय असं समजू नका. समोर बसलेल्या वापरकर्त्यालाच कार्ड द्यायचं, असा पॉलकिट या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेचा नियम अनेक लिनक्सवर आधीपासून असतो.

आता मॉड्युल. टोकनशी बोलणारी लायब्ररी कमांडला सांगावी लागते. ओपनएससीची स्वतःची लायब्ररी आहे, पण आपल्याकडे मिळणारी बरीचशी टोकनं विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरने भरलेली असतात. त्यामुळे ओपनएससी टोकन ओळखतं, तरी आतली मांडणी त्याला वाचता येत नाही. इथे बरेच जण गडबडतात: यादी रिकामी दिसते आणि टोकन कोरं आहे असं समजून ते फॉरमॅट करतात. यादी रिकामी दिसली की पहिला संशय मॉड्युलवर घ्या. विक्रेत्याचं लिनक्स पॅकेज टाका, डीपीकेजी -एल आणि पुढे पॅकेजचं नाव देऊन (इथला एल मोठ्या लिपीतला) त्यातली डॉट एसओ फाइल शोधा, आणि तिचा पूर्ण मार्ग मॉड्युल म्हणून द्या.

आधी नुसतं वाचा

पीकेसीएस११-टूल --मॉड्युल मार्ग --लिस्ट-स्लॉट्स

यात टोकनचं नाव, सिरियल नंबर, पिन किमान आणि कमाल किती अंकी हे येतं. त्यातली टोकन फ्लॅग्ज ही ओळ काळजीपूर्वक वाचा. तिथे यूझर पिन काउंट लो असेल तर मागे कुणीतरी पिन चुकवलेला आहे. फायनल यूझर पिन ट्राय असेल तर एकच संधी उरली आहे. हात थांबवा आणि खरा पिन ज्याला माहीत आहे त्याला बोलवा. यूझर पिन लॉक्ड म्हणजे कुलूप लागलं. लॉगिन करण्याआधी ही ओळ वाचायला दहा सेकंद लागतात आणि त्यानेच कित्येक टोकनं वाचतात.

मग वस्तूंची यादी:

पीकेसीएस११-टूल --मॉड्युल मार्ग --लॉगिन --लिस्ट-ऑब्जेक्ट्स

पिन कमांडच्या ओळीतच लिहायची सोय आहे, ती वापरू नका. तो पिन शेलच्या हिस्टरीत राहतो आणि त्याच मशीनवरच्या दुसऱ्या वापरकर्त्याला प्रोसेसच्या यादीतही दिसू शकतो. नुसतं --लॉगिन लिहिलं की कमांड स्वतःच पिन विचारते.

खाजगी किल्लीच्या नोंदीत ॲक्सेस अशी ओळ येते. तिथे सेन्सिटिव्ह, ऑलवेज सेन्सिटिव्ह, नेव्हर एक्स्ट्रॅक्टेबल, लोकल हे चारही शब्द असतील तर किल्ली याच चिपमध्ये जन्मली आणि कधी बाहेर गेलेली नाही. लोकल नसेल तर ती बाहेर तयार करून आत भरली आहे, म्हणजे तिची प्रत कुठेतरी असू शकते. सहीच्या किल्लीसाठी हा फरक फार मोठा आहे.

दोन टोकनं एकाच वेळी लावली असतील तर स्लॉट नंबरवर विसंबू नका, तो लावायच्या क्रमाने बदलतो. --टोकन-लेबल देऊन नावाने निवडा.

सर्टिफिकेट बाहेर काढून ठेवा

पीकेसीएस११-टूल --मॉड्युल मार्ग --रीड-ऑब्जेक्ट --टाइप सर्ट --आयडी ०१ --आउटपुट-फाइल सही.डीईआर

आयडी हा षोडशमान असतो, यादीत दिसतो तसाच टाका. इथला १० म्हणजे दहा नव्हे, सोळा. मग:

ओपनएसएसएल एक्स५०९ -इनफॉर्म डीईआर -इन सही.डीईआर -नोआउट -सब्जेक्ट -इश्युअर -सिरियल -डेट्स -एक्स्ट कीयूसेज

तारखा जीएमटीत असतात. शेवटच्या तारखेपुढे १८:२९:५९ दिसलं तर आपल्या घड्याळात त्याच दिवशीचे रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंद. कीयूसेजमध्ये डिजिटल सिग्नेचर आणि नॉन रेप्युडिएशन असेल तर ते सहीचं सर्टिफिकेट, की एनसायफरमेंट असेल तर एन्क्रिप्शनचं, म्हणजे मजकूर कुलूपबंद करायचं. एकाच टोकनमध्ये एकाच माणसाच्या नावाची दोन सर्टिफिकेटं दिसण्याचं कारण हेच. ती डुप्लिकेट नाहीत, एकही उडवू नका.

ही डीईआर फाइल म्हणजे सर्टिफिकेटची प्रत, ती गुप्त नाही, त्यामुळे तिच्या प्रती ठेवायला हरकत नाही. पंचायत समितीत किंवा सीएच्या कार्यालयात वीस-पंचवीस जणांची टोकनं सांभाळायची असतील, तर प्रत्येकाची सर्टिफिकेट फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा आणि महिन्याला प्रत्येकीवर हे चालवा:

ओपनएसएसएल एक्स५०९ -इनफॉर्म डीईआर -इन सही.डीईआर -नोआउट -चेकएंड २५९२०००

२५,९२,००० सेकंद म्हणजे ३० दिवस. तेवढ्यात मुदत संपणार असेल तर विल एक्स्पायर असं उत्तर येतं. यासाठी टोकन लावावंच लागत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सरपंचाचं सर्टिफिकेट संपलं की निधी अडतो. फेब्रुवारीत केलेली ही तपासणी ते टाळते.

सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही असा एरर आला तर मशीनची तारीख बघा. मदरबोर्डवरचा बटणसेल संपलेला असतो, लोडशेडिंगमध्ये वीज जाते आणि परत आल्यावर मशीन कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. सेल बदला, तारीख लावा.

सही होते का ते तपासा

पोर्टलला दोष देण्याआधी टोकनची चाचणी घ्या. कुठलीही छोटी फाइल चालते.

पीकेसीएस११-टूल --मॉड्युल मार्ग --लॉगिन --साइन --मेकॅनिझम एसएचए२५६-आरएसए-पीकेसीएस --आयडी ०१ --इनपुट-फाइल पत्र.टीएक्सटी --आउटपुट-फाइल पत्र.सिग

ओपनएसएसएल एक्स५०९ -इनफॉर्म डीईआर -इन सही.डीईआर -पबकी -नोआउट > पब.पेम

ओपनएसएसएल डीजीएसटी -एसएचए२५६ -व्हेरिफाय पब.पेम -सिग्नेचर पत्र.सिग पत्र.टीएक्सटी

व्हेरिफाइड ओके आलं तर टोकन, पिन, किल्ली आणि सर्टिफिकेट सगळं जुळलेलं आहे; अडचण ब्राउझर, साइनर किंवा पोर्टलवरच्या नोंदणीत शोधा. मेकॅनिझममध्ये नुसतं आरएसए-पीकेसीएस लिहिलं तर सही होईल पण पडताळणी फसेल, कारण त्यात फाइलचा हॅश (गणिताने काढलेला छोटा ठसा) आणि त्याचं वेष्टन कार्ड करत नाही, ते तुम्ही करून द्यायचं असतं.

पिन

कारखान्यातून आलेल्या बऱ्याच टोकनांचा पिन १२३४५६७८ असतो, आणि तो तसाच राहतो. पहिल्याच दिवशी बदला:

पीकेसीएस११-टूल --मॉड्युल मार्ग --लॉगिन --चेंज-पिन

पिन लॉक झाला तर दोन कमांड समोर येतात आणि त्यांची नावं जवळजवळ सारखी आहेत. --इनिट-पिन हा एसओ पिन (टोकनच्या व्यवस्थापकाचा वेगळा पिन) देऊन नवा यूझर पिन बसवतो, वस्तू जागच्या जागी राहतात. --इनिट-टोकन सगळं पुसतं. कुलूप काढायची, न पुसणारी पूर्ण कमांड लिहायची ती अशी:

पीकेसीएस११-टूल --मॉड्युल मार्ग --लॉगिन --लॉगिन-टाइप एसओ --इनिट-पिन

एसओ पिन माहीत नसेल तर अंदाज करू नका, त्यालाही मर्यादित संधी असतात आणि त्या संपल्या की दुसरी वाट राहत नाही. सर्टिफिकेट जिथून काढलं त्या सर्टिफाइंग अथॉरिटीच्या किंवा विक्रेत्याच्या मदतकक्षाला टोकनचा सिरियल नंबर सांगून विचारा.

नवी किल्ली, कोऱ्या टोकनवर

परवानाधारक अथॉरिटीची डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) घेताना किल्ली त्यांच्या डाउनलोड पानावरूनच टोकनमध्ये तयार होते, ते काम हाताने करू नका. हाताने किल्ली तयार करायची ती कार्यालयाच्या सर्व्हरवर एसएसएचने जाण्यासाठी किंवा व्हीपीएनसाठी, वेगळ्या टोकनवर. सराव त्याहून आधी सॉफ्टएचएसएमवर करा; ते सॉफ्टवेअरमधलं टोकन आहे, पुसलं तरी काही बिघडत नाही.

पीकेसीएस११-टूल --मॉड्युल मार्ग --लॉगिन --कीपेअरजेन --की-टाइप आरएसए:२०४८ --आयडी २० --लेबल सर्व्हर

चिप लहान असते, २०४८ बिटांच्या किल्लीला कधी काही सेकंद तर कधी मिनिटभर लागतं. तेवढा वेळ टोकन काढू नका, आणि वीज जाण्याची वेळ असेल तर हे काम लॅपटॉपवर बॅटरी भरलेली असताना करा. एसएसएचसाठी एसएसएच-कीजेन -डी आणि मॉड्युलचा मार्ग दिला की (हा डीही मोठ्या लिपीतला) सार्वजनिक किल्ली छापून मिळते, ती सर्व्हरवर ठेवायची.

व्हीपीएनसाठी बाहेरून सर्टिफिकेट मिळालं तर ते डीईआरमध्ये बदलून त्याच आयडीने भरा:

पीकेसीएस११-टूल --मॉड्युल मार्ग --लॉगिन --राइट-ऑब्जेक्ट सर्व्हर.डीईआर --टाइप सर्ट --आयडी २०

इथे २० ऐवजी दुसरा आयडी पडला की वर सांगितलेलं घडतं: सर्टिफिकेट आहे, किल्ली आहे, पण दोघींची गाठ नाही. सर्टिफिकेट उडवून बरोबर आयडीने पुन्हा भरा. किल्लीला हात लावायची गरज नाही.

काय उडवायचं, काय नाही

टोकनची जागा थोडी असते. दर नूतनीकरणाला नवी किल्ली येते आणि जुनी पडून राहते, मग एक दिवस सीकेआर_डिव्हाइस_मेमरी असा एरर येतो. मुदत संपलेली सहीची किल्ली उडवायला हरकत नाही. जुन्या सह्या तपासायला सर्टिफिकेट पुरतं, खाजगी किल्ली लागत नाही. --डिलीट-ऑब्जेक्ट ला --टाइप आणि --आयडी द्या. सर्ट, प्रिव्हकी, पबकी या तिन्हींसाठी ती तीनदा चालवावी लागते. उडवण्याआधी सर्टिफिकेट फाइलमध्ये काढून ठेवा.

एन्क्रिप्शनच्या किल्लीचा नियम उलटा आहे. मुदत संपली तरी ती ठेवायची. ई-निविदेत आलेल्या बोली त्या उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सर्टिफिकेटने बंद केलेल्या असतात. ती किल्ली गेली तर बोली उघडत नाहीत. निविदा प्रक्रियेत असताना नूतनीकरण आलं तर नवं सर्टिफिकेट दुसऱ्या टोकनवर घ्या आणि जुनं जपा.

टोकन हरवलं किंवा पिन दुसऱ्याला कळला

सरपंचाचं टोकन ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर, हे गावोगाव दिसतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ नुसार खाजगी किल्लीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी सर्टिफिकेट ज्याच्या नावाचं आहे त्याची आहे, आणि किल्ली धोक्यात आली तर अथॉरिटीला विनाविलंब कळवणंही त्याचंच काम. ऑपरेटरने स्क्रीन भरावी, पिन मालकाने स्वतः टाकावा आणि टोकन खिशात घेऊन जावं. सरपंच बदलला किंवा ग्रामसेवकाची बदली झाली तरी टोकन त्या माणसासोबत जातं, पदासोबत नाही. पोर्टलवरून जुनी नोंदणी काढून नव्या माणसाच्या डीएससीची नोंद करावी लागते.

टोकन हरवलं तर सर्टिफिकेट रद्द करायच्या अर्जात सर्टिफिकेटचा सिरियल नंबर लागतो. तो टोकनच्या पाठीवर छापलेला नंबर नव्हे. वर -सिरियल ने मिळाला तो, आणि तो फोल्डरमध्ये काढून ठेवलेल्या डीईआर फाइलमधून टोकन नसतानाही वाचता येतो.