काटा फुल होता तरी ब्रेक लागला नाही: गाडी काढायच्या आधीचा माझा अर्धा तास

हेवी लायसन हातात आलं की पहिले सहा महिने माणूस हवेत असतो. मी पण होतो. तीन वर्षं किन्नरकी (गाडीवर क्लीनरचं, म्हणजे ड्रायव्हरच्या मदतनिसाचं काम) केलेली, टायर बदलले, ताडपत्र्या ओढल्या, उस्तादाच्या, म्हणजे शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या, मग वाटतं आता शिकायचं राहिलंय काय. हे लिहायलोय ते अशाच पोरांसाठी, ज्यांना स्टेअरिंग येतं, रिव्हर्स लागतो आणि दहा टायरची गाडी आता पहिल्यांदा एकट्याच्या भरवशावर मिळणार आहे. डिपस्टिक कुठं असते हे शिकवत बसणार नाही, ते तुम्हाला येतंय.

कागदाचं पटकन सांगतो. आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी, बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल. गाडीचे कागद आणि लायसन डिजीलॉकरमधे असले तरी चालतात, फक्त मोबाईल चार्ज ठेवा. फिटनेसची तारीख स्वतः बघा, मालक "हाय सगळं" म्हणतो त्यावर जाऊ नका. गाडी आठ वर्षांची होईस्तोवर दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. आपलं ट्रान्सपोर्टचं लायसन पण पाचच वर्षं चालतं, माझ्या ओळखीतल्या एकाचं संपून चार महिने झाले होते आणि गडी निवांत गाडी हाणत होता. दहा टायरला गाडी आणि माल मिळून 28.5 टन, त्याच्यावर गेलं की 20,000 दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागं 2,000. दंड कुणी भरायचा हे लोड भरायच्या आधी ठरवा, नंतर मालकाला ऐकू येत नसतं.

आता माझं रडगाणं.

सोयाबीनचा सीझन होता, दिवाळी तोंडावर. कळंबहून अठरा टन सोयाबीन घेऊन जालन्याला निघालेलो, केज, धारूर, तेलगाव, माजलगाव, परतूर असा रस्ता. रात्री भरणी व्हायला उशीर झाला आणि सकाळी साडेपाचपासून शेठचे फोन सुरू, "कुठवर आलास?" मी अजून गाडीत झोपलेलो. तोंडावर पाणी मारलं, गाडी चालू केली, हवेच्या काट्याकडं बघितलं (मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर लागतात, तो दाब हा काटा दाखवतो). काटा आठला. फुल. म्हणलं चला. टायरला टॉमी (लोखंडी दांडा, आवाजावरनं हवा कळते) मारून बघायला किन्नरला सांगितलं, त्यानं दोन मारल्या आणि तोच वर चढून बसला. झाली तपासणी.

धारूरचा घाट ज्यांनी लोड गाडीनं उतरलाय त्यांना सांगायची गरज नाही. अरुंद रस्ता, वळणं जवळजवळ, समोरून एसटी आली की दोघांनी श्वास आत घ्यायचा. मी पाचव्या गिअरात उतरायलो होतो आणि पाय सतत ब्रेकवर, थोडा थोडा दाबलेला. तिसऱ्या-चौथ्या वळणाला जळकट वास आला. किन्नर म्हणला, "दादा, कुणाचं तरी लायनर जळायलंय." लायनर म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर. कुणाचं तरी! पुढच्या वळणाला पाय दाबला तर पेडल गेलं खाली, फुस्स आवाज पण आला, पण गाडी काही ऐकेना. आणि काटा? काटा सातच्या वर. मी त्या काट्याकडं असं बघायलो जसं काय तो खोटं बोलायलाय. घाईत चौथा टाकायला गेलो, पडला नाही, गाडी झाली न्यूट्रल. पुढचं मला नीट आठवत नाही, एवढंच की डाव्या अंगाला डोंगराकडून मुरमाचा ढीग होता आणि मी त्याच्यात गाडी घातली. बंपर गेला, आरसा गेला, पुढचा डावा टायर फाटला. माणूस कुणी दुखावला नाही. समोरून एक एसटी दोन मिनिटांनी आली.

सगळे म्हणले ब्रेक फेल झाला. नव्हता झाला. तेलगावहून आलेल्या मिस्त्रीनं खाली घुसून बघितलं आणि मलाच विचारलं, "हे अ‍ॅडजस्टर शेवटचे कधी आवळलेत?" मला माहीत नव्हतं. मागच्या डाव्या दोन चाकांच्या ब्रेक ढकलणाऱ्या दांड्या पार शेवटाला टेकत होत्या आणि उजव्या बाजूला एका हबचं सील गळून लायनरला ऑइल लागलं होतं. म्हणजे मागच्या चार ड्रमपैकी एकच धड काम करत होता.

इथं मी जरा जास्त बोलणारे, कंटाळा आला तरी वाचा. हवेचा काटा टाकीत हवा किती आहे तेवढंच दाखवतो. ब्रेक किती लागेल ते तो दाखवत नाही, त्याला ते माहीतच नसतं. पेडल दाबलं की टाकीतली हवा चाकाजवळच्या चेंबरमधे जाते, चेंबर दांडी ढकलतो, दांडी अ‍ॅडजस्टर फिरवते, त्यानं कॅम फिरतो आणि लायनर ड्रमला जाऊन घासतो. लायनर झिजलं की मधलं अंतर वाढतं, तेवढं दांडीला जास्त बाहेर यावं लागतं. पण दांडी काय रबराची नाही, तिची हद्द ठरलेली. हद्दीजवळ गेली की जोर एकदम पडतो आणि हद्दीला टेकली की तुम्ही पेडलवर उभे राहिलात तरी उपयोग नाही. वरून घाटात ड्रम तापतो, तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून अजून लांब जातो. म्हणून तोच ब्रेक कळंबच्या चौकात व्यवस्थित लागला होता. थंड ड्रम, कमी स्पीड, दांडीला थोडी जागा शिल्लक. घाटात तीच जागा संपली. हवा कुठंच गेली नव्हती, म्हणून काटा फुल.

हे बघायचं कसं? सपाट जागा घ्या. चाकांना पुढं-मागं दगड लावा, आणि हे सगळ्यात आधी, कारण आता हँडब्रेक सोडायचाय. हवा फुल होऊ द्या, इंजिन बंद, चावी स्वतःच्या खिशात. हँडब्रेक का सोडायचा, तर तो आतल्या स्प्रिंगवर लागतो, ओढलेला असेल तर मागच्या दांड्या आधीच बाहेर आलेल्या असतात आणि तुम्हाला कळत काहीच नाही (मी पहिल्यांदा असंच बघितलं आणि सगळं ठीक म्हणून उठलो). मग खाली जाऊन दांडी चेंबरमधून जिथून बाहेर येते तिथं खडूनं खूण करायची, किन्नरला पेडल दाबून धरायला सांगायचं आणि खूण किती सरकली ते मोजायचं. किन्नर नसेल तर सीट आणि पेडलच्या मधे दांडकं अडकवा. माझ्या गाडीला दीड इंचाच्या आत असेल तर मी निघतो, दोनच्या जवळ गेली तर गाडी जागची हलवत नाही. चेंबरच्या साइजनुसार आकडा बदलतो, तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा धरा. एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्यात फरक दिसला तर तेही वाईट, जोरात दाबलं की गाडी एका अंगाला ओढते.

आवळायचं कसं ते इथं वाचून करू नका. मिस्त्रीच्या शेजारी बसून दोन-तीनदा करा. आणि नवीन गाड्यांना ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर असतात, ते स्वतःच अंतर धरतात, त्यांची दांडी लांब यायली तर पाना लावून आवळायचं आणि मोकळं व्हायचं असं नाही, आत काहीतरी बिघडलंय, ते आधी बघून घ्यायचं. आमच्याकडचे अर्धे मिस्त्री सरळ पाना लावतात. दोन दिवस ब्रेक छान लागतो, मग जैसे थे.

तिथंच बसलोय तर हवेचं पण उरकून घ्या. इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला, पेडल एक मिनिट दाबून धरा. काटा किंचित खाली येऊन थांबला तर बरं, सरकतच राहिला तर कुठंतरी लीक आहे, कान लावा, फुसफुस ऐकू येते. नंतर पेडल मारत मारत हवा कमी करा, साडेचार-पाचच्या आसपास बझर वाजलाच पाहिजे. नाही वाजला तर रस्त्यावर हवा गेली तरी तुम्हाला कळणार नाही. आणि टाकीखालची रिंग ओढून पाणी काढा. कंप्रेसर बाहेरची दमट हवा ओढतो, तिचं पाणी टाकीत साठतं, जेवढं पाणी तेवढी हवेला जागा कमी, वर व्हॉल्व्हला गंज. पाण्याबरोबर काळपट ऑइल आलं तर कंप्रेसर ऑइल टाकायलाय, मालकाला त्याच दिवशी सांगा, फोटोसकट.

घाबरू नका, हे ऐकायला लई वाटतं. पहिल्या आठवड्यात मला पाऊण तास लागायचा, आता सगळं धरून अर्ध्या तासात होतं. आणि तुमच्या हातून पण सुरुवातीला काही ना काही सुटणारच.

बाकीचा फेरा मी डाव्या दारापासून सुरू करतो आणि उजव्या दारापाशी संपवतो, दररोज तोच क्रम, मधे कुणी बोलावलं तर परत पहिल्यापासून. टॉमी प्रत्येक टायरवर, जोड टायरमधल्या आतल्या टायरवर सुद्धा, तोच बसलेला असतो आणि बाहेरचा त्याचा भार उचलत तापत राहतो. दोन टायरच्या मधे दगड अडकलाय का बघा, तो सुटून मागच्या मोटारसायकलवाल्याला लागला तर माणूस मरू शकतो. हवा थंड टायरमधेच मोजायची. एप्रिल-मेमधे आपल्याकडं पारा बेचाळीसला जातो, दुपारी टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून ती काढणारे महाभाग मी बघितलेत, संध्याकाळी तोच टायर कमी हवेवर पळतो आणि फुटतो. नटाभोवती तांबूस गंजाची रेघ दिसली तर नट ढिला आहे. टायर बदलला असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून नट परत आवळायचे, पंक्चरवाला कितीही ओळखीचा असो. स्प्रिंगचा पाटा तुटलाय का, तो धरून ठेवणारे यू-बोल्ट हललेत का. बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमाची) गाडी असेल तर धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी बघा, संपत आली की गाडी आधी दिवा दाखवते आणि मग ताकद तोडते, तेही नेमकं चढाला.

मागच्या लाईटचं मात्र मनावर घ्या. ऊसतोडीच्या दिवसात माजलगाव, केज, अंबाजोगाई कुठल्याही रस्त्याला रात्री जा, जोड ट्रॉल्या अंधारात चाललेल्या असतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. आपण त्यांना शिव्या देतो आणि आपल्याच गाडीची लाल पट्टी चिखलानं झाकलेली असते. फडकं मारा. एकटे असाल तर रिव्हर्समधे भिंतीजवळ गाडी लावून ब्रेक दाबा, भिंतीवर लाल उजेड दोन्ही बाजूला पडला पाहिजे.

उस्ताद लोकांबद्दल एक बोलतो, काहींना राग येईल. माझा उस्ताद चांगला होता, गाडीचा आवाज ऐकून बेअरिंग सांगायचा. पण घाट न्यूट्रलमधे उतरायचं त्यानंच शिकवलं होतं, डिझेल वाचतं म्हणून. वाचत नाही. आताच्या इंजिनात गाडी गिअरमधे असताना पाय अ‍ॅक्सिलेटरवरून काढला की उतारावर डिझेल जातच नाही, उलट न्यूट्रलमधे इंजिन चालू ठेवायला जातं. घाटाच्या वरच खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा) लावा, इंजिनला गाडी धरू द्या, पायाचा ब्रेक मधून मधून जोरात मारून सोडा. सतत घासत ठेवू नका. मला हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, एका सरदारजीनं ढाब्यावर सांगितलं होतं, मी मनात म्हणलं आमच्या उस्तादाला काय कळत नाही का.

त्या सोयाबीनचं भाडं गेलं, वर बंपर आणि टायरचे पैसे तीन महिने पगारातून कापले. अ‍ॅडजस्टर आवळायचं कुणाचं काम होतं यावर शेठ आणि मी आजपर्यंत एकमत झालेलो नाही.

तेव्हापासून माझ्या खिशात खडू असतो, घरी कपडे धुताना रोज शिव्या बसतात. आणि शेठचा फोन सकाळी अजून येतोच. तेव्हा मी काय सांगतो ते सांगून ठेवतो, नवीन पोरांना कामी येईल: "शेठ, हवा भरायलोय." खोटं पण नाही, तेवढा वेळ कंप्रेसर खरंच हवा भरत असतो.