गाडी ऑइल खाते? इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा

गाडी इंजिन ऑइल खाऊ लागली की बहुतेक मालकांच्या कानावर एकच निदान पडते: रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या, इंजिनाचे काम काढावे लागेल. हे निदान कधी कधी खरेही असते. परंतु ऑइल कमी होण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा इंजिन न उघडता बंद करता येतात, म्हणून मोठ्या खर्चाला होकार देण्यापूर्वी थोडा धीर धरावा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे न मोजता बोलणे. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पेटत नाही म्हणजे ऑइल पुरेसे आहे, असे समजणे धोक्याचे आहे, कारण तो दिवा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी नव्हे. तो पेटेपर्यंत बेअरिंगांचे नुकसान सुरू झालेले असू शकते. मोजण्यासाठी गाडी दर वेळी त्याच सपाट जागी लावावी, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक पुसून पूर्ण आत घालावी आणि मग वाचावी. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटर लिहून ठेवावेत. १००० किलोमीटर झाल्यावर पुन्हा त्याच खुणेपर्यंत येण्यासाठी किती मिलिलिटर लागले, ते मापाने भरून पाहावे. अनेक उत्पादक १००० किलोमीटरला अर्धा लिटर, काही तर एक लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानतात. माझ्या मते मात्र या आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा: जी गाडी एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्यापर्यंत काहीच मागत नव्हती, ती अचानक ४०० मिलिलिटर मागू लागली, तर कारण शोधायलाच हवे. शहरातल्या लहान लहान फेऱ्यांत न जळलेले पेट्रोल आणि बाष्प ऑइलमध्ये मिसळून पातळी टिकल्याचा भास होतो. पुण्याहून कोल्हापूरला एक सलग फेरी झाली की ते उडून जाते आणि ऑइल एकाएकी घटल्यासारखे वाटते. म्हणून एकाच मापावर निष्कर्ष काढू नये.

जमिनीवर डाग नाही म्हणजे गळती नाही, हाही गैरसमजच. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून झिरपलेले ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून तिथेच जळते. इंजिन बाहेरून स्वच्छ करून दोन दिवस गाडी चालवावी आणि चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट, फिल्टरची बैठक व क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) सील टॉर्चच्या उजेडात पाहावे.

यानंतर तपासायचा भाग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित: पीसीव्ही व्हॉल्व्ह. क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या पोकळीतले) वायू इनटेककडे (हवा आत येण्याच्या मार्गाकडे) परत नेणारी ही छोटी झडप उघडी अडकली, तर ऑइलचे तुषार थेट इंजिनात ओढले जातात; तुंबली, तर आतला दाब वाढून ऑइल सीलांबाहेर ढकलले जाते. माझ्या दहा वर्षे जुन्या पेट्रोल गाडीला एका गॅरेजमध्ये 'रिंगा बदला' असे सांगण्यात आले होते. घरी ती झडप काढून कानाशी हलवली. आतला तुकडा खुळखुळायला हवा होता, पण आवाजच नव्हता, कारण काळ्या चिकट थराने तो जागीच धरला होता. झडप आणि तिची नळी बदलल्यावर १००० किलोमीटरला ६०० मिलिलिटर जाणारे ऑइल १५० वर आले.

धूर पाहताना तो निळा आहे एवढ्यावर न थांबता तो कधी येतो, हे टिपावे. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना, किंवा बोरघाट गिअरवर उतरून पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबताच निळा लोट आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलांवर (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल सिलिंडरमध्ये उतरू न देणाऱ्या रबरी टोपणांवर) जातो. चढावर जोर देताना सतत येत असेल, तर रिंगांवर. टर्बो गाडीत मात्र इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप काढून आत ऑइल साचले आहे का, तेही पाहावे. येथे कॉम्प्रेशन टेस्टचा (सिलिंडरमधला दाब मोजण्याच्या चाचणीचा) चुकीचा अर्थ लावला जातो. ती प्रामुख्याने वरच्या रिंगा आणि व्हॉल्व्हची बैठक यांविषयी सांगते. ऑइल खरवडणारी खालची रिंग कार्बनने जाम असली किंवा व्हॉल्व्ह सील कडक झाले असले, तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकते. सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवले, तर अनेक इंजिनांत हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवता सील बदलता येतात, हे आवर्जून विचारावे.

जाड ऑइल घालून खप दाबणे हा उपाय नाही. ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलसाठी बनलेल्या इंजिनात जाड २०डब्ल्यू-५० घातले की धूर काही दिवस कमी दिसतो, पण सकाळी सुरू होताना वरच्या भागांना ऑइल उशिरा पोहोचते. वरच्या खुणेपलीकडे भरणेही तितकेच वाईट, कारण क्रँक ऑइल घुसळते आणि फेस ब्रीदरमधून (क्रँककेसमधले वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये जातो. उलट, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत पातळी आपोआप वाढत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरते आहे, असे समजून ते लगेच बदलावे.

एवढे सगळे तपासूनही रिंगांवरच बोट आले, तरी टाळाटाळ करू नये. जळलेल्या ऑइलची राख कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) निकामी करते. मात्र नुसत्या रिंगा बदलून देतो असे कोणी म्हणाले, तर आधी बोअर (सिलिंडरचे आतले भोक) वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून ती मापे लिहून मागावीत. बोअर लंबगोल झाले असेल, तर नव्या रिंगाही त्यात नीट बसत नाहीत.