महागड्या सॉफ्टवेअरशिवाय यंत्रभागाचं तापमान कसं काढावं

यंत्राचा भाग किती तापेल हे काढायचं म्हटलं की लोक लगेच थ्रीडी मॉडेल उघडून लाखभर घटकांचं मेश (भागाचे बारीक तुकडे पाडून केलेलं जाळं) करायला बसतात. बहुतेक वेळा त्याची काहीच गरज नसते. स्प्रेडशीट, वजनकाटा, घड्याळ आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) एवढ्यात कामापुरतं उत्तर निघतं.

आधी यंत्राचे मोजके नोड, म्हणजे सगळीकडे एकच तापमान धरलेले तुकडे, पाडा: वाइंडिंग (मोटरमधली तारांची गुंडाळी), बॉडी, बेअरिंग हाउसिंग, बेसप्लेट. हवेत थंड होणारा ॲल्युमिनियमचा किंवा साध्या पोलादाचा लहान भाग एकच नोड धरला तरी चालतो. प्लास्टिकचा जाड भाग मात्र दोन-तीन नोडमध्ये तोडा.

मग उष्णता. १.५ किलोवॅट देणारी मोटर ८५ टक्के कार्यक्षम असेल, तर पूर्ण भारावर साधारण २६५ वॅट उष्णता होते.

नोडांमधल्या धातूचा उष्णतेला होणारा रोध म्हणजे लांबी ÷ (वाहकता × क्षेत्रफळ). इथवर सगळं सोपं आहे.

खरी गोम पुढे आहे: पृष्ठभागावरून हवेत उष्णता किती जाते? हे सांगणारा आकडा म्हणजे उष्णता-संक्रमण गुणांक. पुस्तकातल्या तक्त्यात स्थिर हवेसाठी हा गुणांक ५ ते २५ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश असा दिलेला असतो, आणि लोक त्यातला एखादा आकडा उचलून मोकळे होतात. हे करू नका. १ किलोचा ॲल्युमिनियमचा चपटा ठोकळा घ्या, पृष्ठभाग ०.०६ चौरस मीटर, आत ४० वॅट उष्णता. गुणांक ५ धरला तर तो खोलीपेक्षा १३३ अंशांनी तापतो, २५ धरला तर २७ अंशांनी. मेश कितीही बारीक करा, ही दरी त्यानं बुजत नाही.

म्हणून गुणांक मोजायचाच. भाग कामाच्या वेळच्या अंदाजे तापमानापर्यंत तापवा, कामात असतो तसाच आडवा किंवा उभा ठेवा, खाली उष्णतारोधक द्या (नाहीतर अर्धी उष्णता टेबल खाईल) आणि दर मिनिटाला तापमान लिहा. खोलीशी असलेला फरक सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर यायला किती सेकंद लागले ते पाहा. (वस्तुमान × विशिष्ट उष्मा) ÷ (क्षेत्रफळ × तो काळ): हाच तुमचा गुणांक. (विशिष्ट उष्मा म्हणजे एक किलो पदार्थ एक अंशानं तापवायला लागणारी उष्णता.) वरच्या ठोकळ्याला १,५०० सेकंद लागले तर उत्तर १०, आणि ४० वॅटवर वाढ ६७ अंश.

चाचणी रंग दिलेल्या भागावरच घ्या, कारण खोलीच्या तापमानाला रंगीत पृष्ठभागाचं नुसतं प्रारण (किरणांवाटे जाणारी उष्णता) गुणांकात ५ ते ६ इतकी भर घालतं आणि चकचकीत ॲल्युमिनियमचं जवळजवळ शून्य. याच कारणानं चकचकीत धातूवर इन्फ्रारेड गन धादांत खोटं तापमान दाखवते. काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजा. कामात पंखा चालणार असेल तर चाचणीतही चालू ठेवा.

जोडांकडे तितक्याच संशयानं पाहा. सॉफ्टवेअरमध्ये दोन भाग सहसा एकजीव धरले जातात, प्रत्यक्षात मध्ये हवा असते. ०.१ मिलिमीटर हवेचा रोध तेवढ्याच क्षेत्रफळाच्या सुमारे ६४ सेंटिमीटर ॲल्युमिनियमइतका असतो! बोल्टनं आवळलेल्या कोरड्या जोडाच्या दोन्ही बाजूंना थर्मोकपल लावून फरक मोजा, थर्मल पेस्ट (जोडातली हवेची फट भरणारा लेप) लावून पुन्हा मोजा.

आता स्प्रेडशीट. नवं तापमान = जुनं + कालटप्पा × (आलेली उष्णता − गेलेली उष्णता) ÷ (वस्तुमान × विशिष्ट उष्मा). आकडे वरखाली नाचू लागले तर कालटप्पा मोठा झालाय, तो कमी करा. शेवटी तापमान स्थिरावल्यावर आत येणारे आणि बाहेर जाणारे वॅट जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर एखादं सूत्र चुकलंय.

भागाच्या आतला तापमानाचा उतार किंवा त्यातून येणारा ताण हवा असेल तेव्हाच मेशकडे वळा. त्यासाठीची फ्रीकॅड आणि कॅल्क्युलिक्स ही सॉफ्टवेअर दोन्ही फुकट आहेत. त्यातही गुणांक घालायचा तो तुम्ही मोजलेलाच.