रोमन विजयाची नाणी ओळखताना या चुका टाळा

पंखवाली विजयदेवी दिसली की लगेच ही कुठल्या लढाईची म्हणून शोधत बसू नका. ही देवी, व्हिक्टोरिया, रोमन नाण्यांवर इतक्यांदा येते की बऱ्याचदा तिचा कुठल्याच ठरावीक लढाईशी संबंध नसतो. सम्राट गॅलिएनसचंच बघा ना, बाप व्हॅलेरियन इ.स. २६० मध्ये पर्शियन लोकांच्या हाती जिवंत सापडला, साम्राज्याचे लचके तुटतायत, आणि नाण्यावर देवी आपली हार घेऊन उभी! नाणं म्हणजे राजाचा सरकारी फ्लेक्सच, त्यावर खरं किती मानायचं ते आपण ठरवायचं.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस, त्याच्या डिनारियसवर (चांदीच्या नाण्यावर) एक पार्थियन (तेव्हाच्या इराणी साम्राज्यातला) माणूस गुडघे टेकून रोमन ध्वज परत देतोय, ते बघून मोठं युद्ध जिंकलं असं वाटतं. झालं काय तर इ.स.पू. ५३ मध्ये कॅरीच्या लढाईत रोमन सेनापती क्रॅससने गमावलेले ध्वज इ.स.पू. २० मध्ये वाटाघाटीत परत मिळाले, लढाईबिढाई काही नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ज्युडिया काप्टा मध्ये, म्हणजे ज्युडिया (जेरुसलेमभोवतीचा ज्यूंचा प्रांत) जिंकल्याच्या नाण्यांत. मधोमध खजुराचं झाड, खाली दुःखात बसलेली बाई. जेरुसलेम पडलं इ.स. ७० ला म्हणून नाणंही ७० चं असं ठोकून देतात, पण सम्राट व्हेस्पासियनचं प्रसिद्ध सेस्टर्शियस (मोठं पितळी नाणं) ७१ चं आहे आणि हा विषय पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. त्यामुळे झाड नंतर बघा, आधी डोक्याभोवतीची अक्षरं वाचा. 'कॉस' (COS) पुढे तीन उभ्या रेघा म्हणजे तिसऱ्यांदा कॉन्सल (रोमचं सर्वोच्च वार्षिक पद), म्हणजे ७१. आठ (VIII) असेल तर मात्र थांबा, कारण व्हेस्पासियनचा आठवा म्हणजे ७७-७८ आणि मुलगा टायटसचा आठवा म्हणजे ८०, आणि टायटसच्या नावातही 'व्हेस्प' (VESP) येतं, तिथेच लोक फसतात. 'इम्प' (IMP) नंतर सुटा 'टी' (T) दिसला की तो टायटस. आणि हो, 'इम्प' पुढचा आकडा राज्याची वर्षं नाही, सैन्याने कितीदा विजयी सेनापती म्हणून जयजयकार केला तो आकडा आहे.

खजुराचं झाड नंतरचा सम्राट नर्वा याच्या ९६ च्या नाण्यावरही आहे बरं का! पण ते ज्यूंवरच्या करातले खोटे आरोप बंद केल्याचं, विजयाचं नाही.

नाणं हातात आलं की चिंच-लिंबू लावून चकचकीत करणं बंद करा प्लीज. हिरवा-तपकिरी थर गेला की बारीक अक्षरंही जातात, किंमतही जाते, मग 'कॉस' वाचणार कशावर?

बरीच खोटी नाणी साच्यात ओतून केलेली असतात, तेव्हा कडेला जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे आहेत का ते लेन्सने बघा. सोळाव्या शतकात पादुआच्या कॅव्हिनोने सेस्टर्शियसच्या धर्तीवर इतकी सुंदर पदकं काढली की आजही लोक ती खरी समजून उचलतात. अति रेखीव दिसलं की मी तरी आधी संशयच घेते.