हवामान बदल शिकवायचाय? मुलांना २०५० सालातली मुंबई लिहू द्या

हवामान बदलाचे आलेख मुलं परीक्षेपुरते पाठ करतात. आपल्याच वस्तीची २०५० मधली गोष्ट लिहायला बसवलं, की तोच आकडा त्यांना स्वतःहून लागतो. आठवी-नववीच्या तीस मुलांना ८० मिनिटांची दोन सत्रं पुरतात.

आधी जागा ठरवा. एकच, आणि मुलांच्या पायाखालची: दादरचं हिंदमाता, कुर्ल्यातला मिठी नदीचा काठ, वेसावे कोळीवाडा. ‘मुंबई’ एवढाच विषय दिलात तर मोघम वाक्यांपलीकडे काही मिळणार नाही.

मग पाच-पाच जणांचे गट करून प्रत्येकाला एक माहितीपत्रक द्या. त्यात तीनच गोष्टी. पहिली, घडलेली घटना: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. (हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहाच, प्रश्न आपोआप सुरू होतात.) दुसरी, नियम: हवा १ अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून मुसळधार पावसाचा जोर वाढतो. तिसरी, अडचण: मोठ्या भरतीला समुद्र नाल्यांच्या तोंडांपेक्षा वर चढतो आणि पावसाचं पाणी शहरातच अडकतं. साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते, ती यादी जोडा.

गोष्टीत एक माणूस, एक दिवस आणि एक अवघड निर्णय हवा. उदाहरणार्थ, वेसाव्यात एका कोळी मावशींचे बांबूंवरचे बोंबील अर्धे वाळलेत, दुपारी तीनला अवकाळी पावसाचा इशारा येतो. आत्ता काढले तर दमट बोंबील कुजणार, ठेवले तर भिजणार. मावशी काय करतील? गटाने आधी दहा मिनिटं नुसतं बोलावं, मग दीड पान लिहावं.

हमखास बिघडतं ते इथे: निम्मे गट एका लाटेत मुंबई बुडवतात. मुलांनी सिनेमात तेच पाहिलेलं असतं. रागावू नका, पण दुरुस्ती त्याच वेळी करा. समुद्राची पातळी वर्षाला काही मिलिमीटरने वाढते. शहर गिळणारी लाट बहुतेकदा भूकंपाने उठते, तापमानवाढीने नव्हे. मग विचारा, ‘पाणी रुळांवर आलं, लोकल थांबली, तर तुझी आई कामावरून घरी कशी येईल?’ गोष्ट लगेच जमिनीवर येते. यंत्रमानवाने सगळं सोडवलं असेल, तर त्याचा खर्च कोणी दिला ते लिहायला सांगा.

दुसरी चूक सूक्ष्म आहे: एकाच पावसावरून ‘हवामान बदललं’ म्हणणं. असा दिवस २०५० मध्ये किती वर्षांनी येतो आणि आजी-आजोबांच्या काळी किती वर्षांनी यायचा, हे पात्रांच्या बोलण्यात आणायला लावा. अंदाज चालेल, पण तो पात्राचा अंदाज आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

दुसऱ्या सत्रात गटांनी वह्या अदलाबदल कराव्यात. खरी माहिती निळ्या, कल्पना हिरव्या पेन्सिलीने अधोरेखित करायची. निळं फारच कमी असेल, तर पत्रक पुन्हा वाचून शेवट नव्याने लिहायचा. निर्णय मात्र बदललेला हवा: खारफुटी राखली असती तर? नाला एप्रिलमध्येच साफ झाला असता तर?

चौथी-पाचवीला हे सगळं तोंडी घ्या आणि टक्केवारी गाळा.