आइंडहोवनला आलात? ऑफिसला सायकलने निघण्याआधी हे वाचा

नवीन जॉब घेऊन नेदरलँड्समध्ये आइंडहोवन, फेल्डहोवनला आलेले आपले बरेचजण आल्या आल्या सायकल घेतात आणि दुसऱ्याच दिवशी गर्दीच्या वेळी ऑफिसला निघतात, प्लीज असं करू नका. आपली सगळी सवय डाव्या बाजूने चालवायची. वळताना मागचं बघायला मान आपोआप उजवीकडे जाते, आणि इथे ओव्हरटेक करणारा येतो डावीकडून. त्यामुळे डावीकडे वळायचं असेल तर आधी डाव्या खांद्यावरून मागे बघा, हात दाखवा, मगच वळा. एखाद्या रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना ऑफिसपर्यंत निवांत चक्कर मारून या, मग मान बरोबर वळायला लागते.

दुसरं, जिथे सिग्नल नाही, बोर्ड नाही, तिथे उजवीकडून येणारा आधी जाणार, आणि तो खरंच न थांबता येतो, आपल्यासारखं डोळ्यात बघून अंदाज घेत नाही. रस्त्यावर पांढरे त्रिकोण दिसले आणि टोक तुमच्याकडे असेल तर थांबायचं तुम्ही. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल लाईट हवाच. मोबाईल हातात धरून चालवायला 2019 पासून बंदी आहे.

हेल्मेटची साध्या सायकलला सक्ती नाही, डच लोक घालत नाहीत म्हणून आपलेही घालत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, घाला, आणि मुलांना तर घालाच. ही माणसं लहानपणापासून सायकलवर आहेत, प्रायमरी शाळेतच ट्रॅफिकची परीक्षा देतात, आपण तिशीत नव्याने शिकतोय. 45 च्या स्पीडची इलेक्ट्रिक सायकल घेतलीत तर हेल्मेट कायद्यानेच लागतं.

पण इथे लोक निर्धास्त सायकल चालवतात ते हेल्मेटमुळे नाही, गाड्यांपासून वेगळ्या काढलेल्या सायकल ट्रॅकमुळे. आणि हे आधीपासून असं नव्हतं हो. 1971 साली या एवढ्याशा देशात रस्ते अपघातांत 3,000 पेक्षा जास्त माणसं गेली, त्यात 400 हून जास्त लहान मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे जीव वाचवा म्हणून चळवळ उभी राहिली, 1973 च्या तेलटंचाईने आणखी रेटा दिला, आणि मग हळूहळू हे लाल ट्रॅक आले. इथलाच होवनरिंग बघा, 2012 चा, खालून गाड्या आणि वर केबल्सवर टांगलेला सायकलींचा अख्खा गोल. पुण्यातल्या ट्रॅकवर गाड्या पार्क झालेल्या बघून आलेल्या माणसाला पहिल्यांदा खरंच भरून येतं.

म्हणून तुमच्या एरियात एखादं क्रॉसिंग धोक्याचं वाटलं तर नगरपालिकेला ऑनलाईन कळवा, परदेशी आहोत म्हणून गप्प बसू नका. सलग 5 वर्षं कायदेशीर राहिलात की डच पासपोर्ट नसला तरी नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येतं, आणि ट्रॅक कुठे करायचा हे बरंचसं तिथेच ठरतं.