पावसाळ्यात कोयना खोऱ्यातून छोटं विमान नेताना

कऱ्हाडहून पाटणमार्गे नदीच्या उगमाकडे निघालात की हेळवाकला खोरं उत्तरेला वळतं आणि समोर कुंभार्लीची डोंगरधार उभी राहते. ढग धारेला टेकलेला दिसला, तर तिथूनच मागे फिरा. ‘थोडं पुढं जाऊन बघू’ यातच घात होतो.

मोसमी वारा कोकणातून चढतो आणि आपल्या बाजूला धबधब्यासारखा कोसळतो. हा उतरता वारा मिनिटाला हजार फुटांहून जास्त खाली ओढू शकतो; छोटं इंजिन जेमतेम पाच-सातशे फूट चढवतं. म्हणून धार ओलांडताना तिच्या माथ्यापासून दोन हजार फूट वर राहून, ४५ अंशांत तिरकं जावं. माथ्यावर वारा २५ नॉटच्या (तासाला सुमारे ४६ किमी) वर असेल तर बेत रद्द.

कोयना जलाशयावरून उत्तरेला जाताना मधून उडू नका, खोऱ्याच्या पूर्वेच्या कडेनं उडा. पश्चिमेचा वारा पूर्वेच्या उतारावर चढतो, तिथं आधार मिळतो. शिवाय डावीकडे वळायला अख्खं खोरं मोकळं राहतं. ९० नॉट वेग, पंख ३० अंश कलवून घेतलेलं परतवळण साधारण ७६० मीटर रुंदी खातं. ४५ अंशांत ते ४४० वर येतं, पण स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते तो) १९ टक्क्यांनी वाढतो.

दमट हवेत २० अंश सेल्सियसलाही कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनात हवा-इंधन मिसळणारा भाग) बर्फ धरतो. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरू लागले की कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी खुंटी, पूर्ण ओढा. आधी इंजिन खडखडेल, घाबरून परत ढकलू नका.